प्रेक्षक क्रमांक दोन

माझ्या बहिणीच्या घरात अभिमन्यू चौऱ्याहत्तर दिवस झाले तरी लढत होता.

शेजारच्या घरांमध्ये तो केव्हाच मारला गेला होता. कुणाकडे तिसऱ्या दिवशी, कुणाकडे पाचव्या. समोरच्या फाळके वहिनी जरा हळव्या, त्यांच्याकडे नऊ दिवस टिकला. पण साताऱ्यात, गोडोलीतल्या ताईच्या घरी रोज संध्याकाळी साडेसातला चक्रव्यूह पुन्हा मांडला जायचा. सहा महारथी पुढे सरकायचे, घोडे पडायचे, धनुष्य तुटायचं. अभिमन्यू रथाचं चाक डोक्यावर उचलायचा आणि भाग संपायचा. दुसऱ्या दिवशी चाक त्याच्या हातात तसंच असायचं. त्याला मारणारा मात्र अजून चार पावलं लांबच असायचा.

ती मालिका घडवणारं यंत्र ज्यांनी तयार केलं, त्यांच्यापैकी मी एक होतो.

मालिकेचं नाव ‘अठरा अक्षौहिणी’. बाणेरमधल्या ‘स्पंदन’ नावाच्या आमच्या कंपनीने ती काढली होती. नटांनी आठवडाभर येऊन आपला चेहरा, आवाज आणि हालचाली देऊन टाकल्या होत्या. त्यापुढचे प्रसंग संगणक रचायचा, आणि प्रत्येक घरासाठी वेगळे रचायचा. कोणत्या घराला काय हवंय हे त्याला कळायचं कसं, तर नाडीवरून. हृदय एकदा आकुंचन पावलं की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते. त्या क्षणी कातडीचा रंग इतका किंचित बदलतो की आपल्या डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या कॅमेऱ्याला दिसतो. टीव्हीच्या वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा बसवला की पाहणाऱ्याला हातही न लावता त्याची नाडी मोजता येते. नाडी कधी वाढली, डोळ्यांतल्या बाहुल्या कधी मोठ्या झाल्या, नजर कधी ढळली, या सगळ्यांतून आम्ही एक आकडा काढायचो. त्याला आम्ही ‘ओढ’ म्हणायचो. ओढ वाढत असेल तर प्रसंग लांबवायचा, घटली की कथा पुढे न्यायची. एवढाच नियम.

महाभारताची मोडतोड होऊ नये म्हणून पाच विद्वानांच्या समितीने तीनशे बारा खुंट्या ठोकून दिल्या होत्या. खुंटी म्हणजे टाळता न येणारी घटना. द्यूत होणार, वनवास होणार, अभिमन्यू मरणार. त्यांचा क्रमही पक्का होता. पण एका खुंटीपासून दुसरीपर्यंत जास्तीत जास्त किती दिवस घ्यायचे, हे कुणी लिहिलंच नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ओढ कधी ना कधी घटतेच, असं आम्ही धरून चाललो होतो.

ताईच्या घरात ती घटत नव्हती.

ताई म्हणजे नीलांबरी धायगुडे. शाळेत खो-खो शिकवायची. तिचा एकुलता एक मुलगा शर्विल, एकोणीस वर्षांचा, तोही खो-खोतला. गेल्या मे महिन्यात मित्रांबरोबर कण्हेर धरणावर पोहायला गेला आणि गाळात पाय अडकला. बाहेर काढलं तेव्हा अकरा मिनिटं होऊन गेली होती. हृदय पुन्हा सुरू झालं. बाकी काही परत आलं नाही. गळ्याला भोक पाडून नळी बसवली, नळीला श्वासाचं यंत्र लावलं, आणि तीन महिन्यांनी तो घरी आला. पुढच्या खोलीत पलंग टाकला. डोळे उघडे असायचे, पण ते काही पाहत नाहीत असं डॉक्टर म्हणाले. कानावर काहीतरी पडत राहावं म्हणून नर्सबाईंनी पलंग टीव्हीकडे तोंड करून लावला. ताई त्याचा हात धरून शेजारी बसायची आणि दोघं मालिका ‘पाहायची’.

दिवाळीनंतर तीन डॉक्टरांचं मंडळ घरी आलं. त्यांनी तिसऱ्यांदा काढलेले मेंदूचे फोटो पाहिले, शर्विलला तपासलं, आणि यंत्र काढावं असं लिहून दिलं. आई-वडील दोघांची सही लागणार होती. दाजींनी त्याच दिवशी केली. ताईने कागद उलटा करून फ्रिजवर ठेवून दिला.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी, जानेवारीतल्या एका शनिवारी, मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताईचे गाल आत गेले होते. ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. साडेसात वाजले तसे तिने शर्विलच्या पाठीला उशी लावली आणि रिमोट दाबला.

दाजी कामावरून आले ते तसेच दारात उभे राहिले. विश्वास धायगुडे, वीज मंडळातले लाइनमन. अंगाने धिप्पाड, बोलायला कमी.

“आज कागद द्यायचा होता,” ते म्हणाले. “डॉक्टरीणबाईंचा फोन आलेला.”

“बघताय ना तुम्ही?” ताईने पडद्यावरची नजर हलवली नाही. “तो अजून पडलेला नाही.”

“नीला, त्याच्या पाठीला जखमा झाल्यात. हाड दिसतंय आतलं. आपण ह्याचे हाल करतोय.”

“तो लढतोय.”

“कोण लढतोय? तो टीव्हीतला?” दाजींचा आवाज चढला. “आपलं पोर मे महिन्यातच गेलं गं. हे नुसतं यंत्र चाललंय. बंद करू या आता. मी हात जोडतो तुला.”

असं रोज चालायचं, हे मला नंतर नर्सबाईंनी सांगितलं. रोज, साडेसातला, त्याच खोलीत.

मी ताईला मालिकेच्या यंत्राचं गुपित आधीच सांगून टाकलं होतं. ते तुझी नाडी वाचतं, तुला त्याचं मरण बघवत नाही म्हणून ते लांबवतं, बाकी त्यात दैवी काही नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं होतं. “म्हणजे माझ्या नाडीला काहीतरी कळतंय,” ती म्हणाली होती. “जे तुमच्या डॉक्टरांना कळत नाही.”

त्या दिवशी जेवणं झाल्यावर दाजींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. बराच वेळ ते दोरीवरचे वाळलेले कपडे काढत राहिले.

“यशोधन, ते तुझ्या हातात आहे ना?”

“काय?”

“मार त्याला. अभिमन्यूला.” त्यांनी शर्विलचा शर्ट घडी करून खांद्यावर टाकला. “तो पडला की ती सही करेल. तिनंच मला सांगितलंय तसं. मी माझ्या पोराला रोज सडताना बघतोय रे. आणि बायको पण जाईल ह्यात.”

“दाजी, प्रेक्षकाच्या घरातल्या कथेला हात लावायची आम्हाला बंदी आहे.”

“तू तिचा भाऊ आहेस का कंपनीचा माणूस आहेस?”

 सोमवारी सकाळी पुण्यात ऑफिसला जाऊन मी ताईच्या घराची फाइल उघडली आणि अभिमन्यूवधाची खुंटी हाताने ठोकली. चार मिनिटंही लागली नाहीत. दुपारी गाडी काढून साताऱ्याला गेलो, कारण ती एकटी असताना ते घडू नये असं मला वाटत होतं.

साडेसातला चक्रव्यूह उभा राहिला. चाक फुटलं. अभिमन्यूने गदा उचलली, पडला, उठायला लागला, आणि तो उठत असतानाच दुःशासनाच्या मुलाची गदा त्याच्या डोक्यावर बसली. पडद्यावर धूळ तेवढी राहिली.

मला वाटलं होतं ताई हंबरडा फोडेल. तिने पदराने शर्विलच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली, त्याचा हात पांघरुणाखाली नीट ठेवला आणि आत जाऊन आमटीखालचा गॅस बंद केला.

“संपलं ना,” ती म्हणाली. फ्रिजवरचा कागद काढून तिने ओट्यावर ठेवला आणि शाळेच्या हजेरीपटावर लिहावं तसं पूर्ण नाव लिहिलं. नीलांबरी विश्वास धायगुडे.

दाजी एकटेच पुढच्या खोलीत गेले. टीव्ही चालूच होता. ते शर्विलशी काहीतरी बोलत होते. शब्द मला कळले नाहीत.

गुरुवारी दुपारी बारा वाजता यंत्र काढायचं ठरलं.

गुरुवारी मी साताऱ्यात असायला हवं होतं. मी पुण्यात राहिलो. बहिणीच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती, हेच खरं. सकाळी साडेआठला ऑफिसात येऊन बसलो, तर संगणकाने माझ्याच नावाने एक तक्रार काढून ठेवली होती. ओढ पूर्ण असताना खुंटी ठोकली गेल्यास कारण द्या, अशी ती नेहमीची छापील तक्रार होती. कारण भरण्यासाठी सोमवारचा आलेख उघडावा लागला.

आलेखात नाडीच्या दोन रेघा होत्या. प्रेक्षक क्रमांक एक, प्रेक्षक क्रमांक दोन.

कॅमेरा समोर दिसणारा प्रत्येक चेहरा मोजतो, हे मला माहीत होतं. मीच तो भाग लिहिला होता. तरीही इतके दिवस माझ्या डोक्यात एकच चेहरा होता, ताईचा.

ताईची रेघ अपेक्षेप्रमाणे चढली होती आणि अभिमन्यू पडताच खाली कोसळली होती. दुसरी रेघ त्या अख्ख्या प्रसंगात सपाट होती. चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, चौऱ्याहत्तर. अभिमन्यू मेला तेव्हाही चौऱ्याहत्तरच. मग ताई खोलीतून उठून गेली, नामावली सुरू झाली, आणि दोन मिनिटांनी ती रेघ एकदम एकशे अठरावर गेली.

त्या क्षणी पडद्यावर नुसती नावं सरकत होती.

आलेखाच्या तळाशी आवाजाची एक पट्टी असते. खोलीत कोण बोलतंय एवढंच टीव्ही टिपतो, शब्द साठवत नाही. त्या दोन मिनिटांनंतर एकच आवाज होता. जाड, पुरुषी. दाजी आत गेले होते तेव्हाचा.

 मी मागचे दिवस उघडत गेलो. चौऱ्याहत्तरावा, साठावा, चाळिसावा, विसावा. रोज तीच गोष्ट. तलवारी चालत असताना दुसरी रेघ सपाट, आणि तो पुरुषी आवाज आला की शंभराच्या वर. लांबलेल्या लढाईच्या पहिल्या दिवसापर्यंत आलो. ती मंडळ घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. मंडळाच्या डॉक्टरांनी त्याच्या पलंगाशेजारी उभं राहून यंत्र काढायचं ठरवलं होतं, आणि दाजींनी तिथंच, त्याच्या पायाशी, कागद ठेवून सही केली होती.

शर्विलला ऐकू येत होतं. तो सगळं ऐकत पडला होता, आणि रोज संध्याकाळी बाप दारात आला की त्याचं काळीज धडधडायला लागायचं. आमच्या यंत्राने त्या भीतीला ओढ समजून मालिका लांबवली होती.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईचा फोन बंद. दाजींनी उचलला. मी काय बोललो ते मला आज नीट आठवत नाही. सगळं ऐकून ते म्हणाले, “तुझी बहीण आत त्याचे केस विंचरतीये. आज तिला आशा दाखवू नकोस. पाया पडतो तुझ्या.” फोन ठेवला, आणि पुन्हा उचलला नाही.

मंडळाच्या प्रमुख डॉ. वासंती शिरगावकर. त्यांचा नंबर मिळवायला वीस मिनिटं गेली. त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले. किती दिवसांची नोंद आहे, आणि कॅमेरा बरोबर आणू शकता का. मग म्हणाल्या, “साडेबारापर्यंत थांबते. त्यानंतर त्या आईला मी ताटकळत ठेवणार नाही.”

मी खंबाटकीच्या घाटात गाडी कशी चालवली ते देवाला माहीत. बारा वाजून पाच मिनिटांनी पोचलो. शर्विलला नवा शर्ट घातला होता. ताई त्याच्या पायाशी बसली होती. डॉक्टर खुर्चीत, हातात घड्याळ. दाजींनी मला दारातच दंडाला धरलं. “काय खेळ चालवलास?”

“दाजी, तुम्ही बाहेर थांबा. एक शब्द बोलू नका.”

“माझ्या घरात—”

“तुमचा आवाज ऐकला की त्याची नाडी चढते. तुम्ही इथं असलात तर मला मोजताच येणार नाही.”

त्यांनी माझा दंड सोडला. ते बाहेर गेले.

तसाच कॅमेरा बसवलेला, ऑफिसातून आणलेला टॅबलेट मी शर्विलच्या चेहऱ्यासमोर धरला. एकशे बारा. दाजी गेल्यावर आकडा हळूहळू उतरला आणि सात मिनिटांनी त्र्याहत्तरवर स्थिरावला. माणूस धावण्याची नुसती कल्पना करतो तेव्हाही हृदय थोडं वेगाने चालायला लागतं. शरीर पळायच्या तयारीला लागतं. शर्विलचा श्वास यंत्र चालवत होतं, त्यामुळे श्वासाने होणारा चढउतार ठरलेला होता. बाकी जो फरक पडेल तो त्याचा स्वतःचा.

“ताई, त्याला सांग. तू ‘खो’ म्हटलंस की मनातल्या मनात जीव तोडून धावायचं. ‘बस’ म्हटलंस की बसून राहायचं.”

ताईने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. मग ती त्याच्या कानाशी वाकली. डॉक्टरांनी ‘खो’ आणि ‘बस’ची एक यादी स्वतः कागदावर लिहिली, मला न दाखवता तिच्या हातात दिली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

“शर्विल,” ताईचा आवाज फुटला, आणि मग एकदम मैदानावरचा झाला. “अरे, उठ! खो!”

त्र्याहत्तर. शहात्तर. ऐंशी. त्र्याऐंशी.

“बस!”

रेघ खाली आली.

दहापैकी आठ वेळा बरोबर. डॉक्टरांनी दुसरी यादी लिहिली. दहापैकी नऊ. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिल्या. “मी त्याच्या शेजारी उभं राहून बोलले होते,” एवढंच त्या म्हणाल्या.

‘हो’ असेल तर धाव, ‘नाही’ असेल तर बसून राहा, असं ठरलं. तुला ऐकू येतं? हो. दिसतं? नाही. दुखतं? हो. ताई प्रत्येक उत्तराला त्याचा पंजा तोंडाशी धरत होती.

मग दाराबाहेरून दाजींचा आवाज आला. “मी सही केली, ते ऐकलंस तू?”

आकडा एकशे वीसवर गेला. त्याला उत्तर म्हणायचं की भीती, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

आकडा उतरेपर्यंत डॉक्टर थांबल्या, आणि मग त्यांनी त्यांना विचारावाच लागणारा प्रश्न विचारला. “शर्विल, हे यंत्र काढावं असं तुला वाटतं?”

रेघ सपाट राहिली. सपाट रेघ म्हणजे ‘नाही’, किंवा तो थकला, किंवा त्याने ऐकलंच नाही. म्हणून प्रश्न उलटा करून पुन्हा विचारावा लागतो. “तुला राहायचंय?”

रेघ चढली. आम्ही ‘बस’ म्हणेपर्यंत चढत राहिली.

डॉक्टरांनी सह्यांचा तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि यंत्र न काढता निघून गेल्या. ताईने अश्रू पुसले, बाहेर पाहिलं. “पप्पांना आत बोलावू?”

सपाट.

“बाहेरच थांबू दे त्यांना?”

रेघ चढली.

दाजींनी ते ऐकलं. ते व्हरांड्यात गेले आणि तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

मी कंपनीत सगळं कबूल केलं. फाइलला हात लावल्याबद्दल त्यांनी मला काढलं, ते योग्यच होतं. आठवड्याभराने डॉ. शिरगावकरांनी आरोग्य खात्याचं पत्र आणून त्यांना जाब विचारला, तेव्हा अशी अडकून पडलेली आणखी एकतीस घरं यादीतून निघाली. बहुतेक घरांत अभिमन्यूवरची नुसती माया होती. दोन घरांत मात्र भिंतीकडेला कुणीतरी उघड्या डोळ्यांनी पडलेलं होतं, आणि विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं. त्यानंतर मालिका बंद झाली. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी साताऱ्यातच राहिलो.

शर्विल दिवसाला चार-पाच प्रश्नांतच दमायचा. त्यातला एक ताई रोज न चुकता विचारायची. पप्पांना आत बोलावू? रोज उत्तर ‘नाही’. दहा दिवस नाही, वीस दिवस नाही. दाजी व्हरांड्यातच जेवायचे. घरात त्यांचा आवाज जाऊ नये म्हणून फोनवर बोलायलासुद्धा रस्त्यावर जायचे. एकदा मी त्यांना दवाखान्यातून येताना पाहिलं. तिथल्या नर्सकडून ते रबराच्या पुतळ्यावर गळ्याची नळी साफ करायला शिकत होते.

“कशासाठी?” मी विचारलं. “तुम्हाला आत जाता येत नाही.”

“हाताला काहीतरी काम पाहिजे,” ते म्हणाले.

ताई त्यांच्याशी बोलत नव्हती. एकदाच बोलली, माझ्यासमोर. “तो स्वतः सांगू शकत नव्हता. तुम्ही त्याला विचारू शकत होता. मी सांगत होते तुम्हाला.”

“तू टीव्हीकडे बघून सांगत होतीस,” दाजी म्हणाले. त्यात राग नव्हता. “मला नुसता टीव्ही दिसत होता.”

मार्चमधली एक दुपार. शर्विलला तीन दिवस छातीत कफ होता. ताई दोन तासांसाठी शाळेत गेली होती. नर्सबाई जेवायला घरी गेल्या होत्या. यंत्राने पिपाणी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा आत मी एकटा होतो.

नळीत कफाचा खडा अडकला होता. छाती वर येत नव्हती. मी कफ ओढणारी शोषनळी आत घालायचा प्रयत्न केला, ती दोन बोटं आत जाऊन अडली. शर्विलचे ओठ निळे पडायला लागले. टॅबलेटवर आकडा एकशे चाळीस. मी नर्सबाईंना फोन लावला, लागला नाही. शोषनळी हातातून निसटून जमिनीवर पडली.

दारात दाजी उभे होते. उंबऱ्याच्या पलीकडे.

“या ना!” मी ओरडलो.

त्यांनी शर्विलकडे पाहिलं. “पोरा, तू नको म्हणतोस, मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मी येतोय. नळी काढायला. मग जातो.”

त्यांनी हात धुतले. मला वाटलं आता तो जाणार आणि हे हात धुताहेत. मग त्यांनी गळ्यातल्या नळीच्या आतली बारीक नळी फिरवली, एका झटक्यात बाहेर काढली. ती हिरव्या-पिवळ्या कफाने गच्च बंद झाली होती. नवी शोषनळी आत गेली, घरघर झाली. नवी नळी बसली, यंत्राची नळी पुन्हा जोडली. दाजींची बोटं एकदाही चुकली नाहीत. तोंडाने ते सारखं पुटपुटत होते. “झालं, झालं. येतंय बघ. झालं.”

छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. पिपाणी थांबली.

दाजी लगेच मागे सरले. पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे टाकत, उंबऱ्यापर्यंत गेले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी टॅबलेट धरला. एकशे चाळीस, एकशे तीस, मग हळूहळू सत्त्याण्णव. तिथं तो थांबला.

“मी न विचारता आलो,” दाजी म्हणाले. “जाऊ बाहेर?”

रेघ सपाट राहिली.

सपाट म्हणजे नाही. किंवा दमला. किंवा ऐकलंच नाही. आता उलटा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो दाजींच्या तोंडातून निघेना. मी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. 

“मग… बसू का इथं? थोडा वेळ?”

सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. एकशे एक. एकशे पाच.

दाजी टॅबलेटकडे बघतच नव्हते. ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तिथं नेहमीसारखंच काही हललं नव्हतं.

“मी त्याला थांबवू का?” मी म्हटलं. “दमेल.”

“काय म्हणतोय तो?”

“हो म्हणतोय. धावतोय.”

“बस, पोरा,” दाजी म्हणाले. “बस आता.”

आकडा उतरला. दाजींनी ताईचं स्टूल ओढलं आणि पलंगाशेजारी टेकले.  मग ते त्याला सांगायला लागले, त्यांच्या ऑफिसातल्या कुणा जगदाळेची गोष्ट, तो परवा खांबावर चढताना त्याची पँट कशी फाटली आणि खाली उभ्या साहेबांनी वर न बघता त्याच्याशी अर्धा तास कसं बोलणं चालू ठेवलं, ती.